कमी पाडलेल्या रुपयांचा संच: नाणी अस्सल, कारणे मात्र तपासून घ्यावीत

ब्रिटिश अमदानीतील चांदीचे पाच रुपये, प्रत्येकासाठी स्वतंत्र पारदर्शक कॅप्सूल, मखमली अस्तराची लाकडी पेटी, एक छापील प्रमाणपत्र आणि चोवीस पानांची मराठी-हिंदी पुस्तिका असा हा संच आहे. जुन्या नाण्यांचा ऑनलाइन व्यवसाय करणाऱ्या एका विक्रेत्याकडून तो घेतला. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण अशाच धाटणीचे संच इतरही अनेक जण विकतात आणि त्यांच्याविषयी जे सांगायचे आहे ते एका दुकानापुरते नाही. पेटीच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत ‘अत्यल्प संख्येने पाडलेले दुर्मीळ रुपये’ असे छापलेले आहे. आतील नाणी अनुक्रमे १८९७, १९११, १९१८, १९२२ आणि १९३८ या सालांची आहेत. जाणकाराच्या लक्षात लगेच येईल की या पाचांतील एक नाणे झाकणावरच्या वाक्याला सरळ खोटे पाडते. मात्र तेच या संचातील सर्वांत शहाणपणाची निवड ठरते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आधी नाण्यांबद्दल. कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या, रुपयाचे ठरलेले वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने हे मान ठरवले आणि १९४० पर्यंत त्यात बदल झाला नाही. संचातील चार नाणी या वजनापेक्षा किंचितच हलकी भरली, आणि वापराने झालेली झीज लक्षात घेता तसे होणे अपेक्षितच आहे. १८९७ चा राणीछाप रुपया थोडा अधिक हलका आहे. त्याच्या पृष्ठभागावरील एकसारखी चकाकी पाहता कधीतरी तो पावडरीने घासून पुसला गेला आहे, हे भिंगाखाली स्पष्ट दिसते. पुस्तिकेत त्याचा दर्जा ‘उत्कृष्ट’ असा नोंदवला आहे, तो मान्य होण्यासारखा नाही. घासलेले नाणे अस्सल असते, परंतु संग्राहक त्याची किंमत कमी धरतात आणि विक्रेत्याने ते सांगायला हवे होते. उरलेल्या चारही नाण्यांवर जुनेपणाची नैसर्गिक काळसर झाक आहे, कडेचे दाते अखंड आणि सारख्या अंतराचे आहेत, आणि ओतीव नकली नाण्यावर दिसतात तसे बारीक खड्डे कोठेही आढळले नाहीत. धातूच्या दृष्टीने संच स्वच्छ आहे, असे म्हणता येते.

खरा प्रश्न पुस्तिकेचा आहे. संचाची किंमत बाजारात ही नाणी सुटी घेतली तर पडेल त्यापेक्षा साधारण एक-चतुर्थांशाने जास्त आहे आणि ही वाढीव रक्कम विक्रेता मुख्यतः पुस्तिकेच्या नावावर मागतो. ‘ही नाणी कमी का पाडली गेली, याचा संपूर्ण उलगडा’ असे त्याच्या जाहिरातीत म्हटले आहे. प्रत्यक्षात पुस्तिकेने पाचही नाण्यांना जवळजवळ एकच कारण लावले आहे: चांदीची टंचाई होती, म्हणून सरकारने कमी रुपये पाडले. हे कारण ऐकायला पटण्याजोगे आहे, पण या पाचांपैकी एकाही नाण्याला ते नीट लागू पडत नाही. किती नाणी पाडली, पाडलेल्यांपैकी किती टांकसाळीबाहेर पडली आणि बाहेर पडलेल्यांपैकी किती आटणीतून वाचली, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. पुस्तिका ते एकात एक मिसळते आणि त्यामुळे वाचकाला प्रत्येक नाण्याच्या दुर्मिळतेचे खरे स्वरूप कळत नाही.

१८९७ चा रुपया घेऊ. त्याच्यामागचे कारण या संचातील सर्वांत रंजक आहे आणि पुस्तिकेत त्याला जेमतेम दहा ओळी मिळाल्या आहेत. १८९३ पूर्वी रुपये किती पाडायचे, हे सरकार ठरवत नव्हते. कोणीही व्यापारी चांदीच्या लगडी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जाऊ शकत असे आणि थोडी पाडणावळ देऊन त्या चांदीचे रुपये करून घेऊ शकत असे. म्हणून त्या काळातील एखाद्या सालाचा आकडा मोठा असेल, तर त्याचा अर्थ त्या वर्षी चांदीची आयात मोठी झाली एवढाच होतो. १८७१ नंतर जर्मनीने चांदीचे चलन सोडून सोन्याचे धरले, अमेरिकेतील नव्या खाणींतून चांदीचा लोंढा बाजारात आला आणि चांदीचा भाव घसरत गेला. जो रुपया एकेकाळी सुमारे दोन शिलिंगांचा (शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग, बारा पेन्स) होता, तो १८९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये पेन्शने, रेल्वेच्या कर्जाचे व्याज आणि इतर खर्च पौंडांत भागवावे लागत. त्यामुळे रुपया घसरला की तीच रक्कम पाठवण्यासाठी येथील रयतेकडून अधिक रुपये गोळा करावे लागत.

चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीनंतर जून १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. यामागचा हेतू उघड होता: रुपयांचा पुरवठा आवळायचा आणि त्यांचा भाव त्यातील चांदीच्या भावापेक्षा वर, एक शिलिंग चार पेन्सांवर नेऊन ठेवायचा. म्हणजे १८९७ चा रुपया कमी पाडला गेला तो चांदी मिळत नव्हती म्हणून नव्हे, तर चांदी फार स्वस्त आणि मुबलक झाली होती म्हणून. याचा आणखी ठोस पुरावा त्याच मुंबईच्या टांकसाळीत सापडतो. १८९५ पासून तेथे हाँगकाँग आणि मलाया भागातील व्यापारासाठी चांदीचे ब्रिटिश डॉलर मोठ्या संख्येने पाडले जात होते. ज्या टांकसाळीत रुपयांचे काम अगदी मंदावले होते, तेथेच दुसऱ्या नावाने चांदीवर ठसे उठत होते. पुस्तिकेच्या लेखकाने ही एक गोष्ट जरी पाहिली असती, तरी टंचाईचे कारण त्याने लिहिले नसते.

या धोरणाचा फटका कोणाला बसला, हेही पुस्तिकेत यायला हवे होते. शेतकऱ्याच्या घरातली बचत चांदीच्या दागिन्यांत असे. टांकसाळ खुली होती तोवर तोळाभर चांदीचा साधारण एक रुपया होई. ती बंद झाल्यावर रुपयाचा भाव वर गेला आणि दागिन्यांच्या चांदीचा भाव खाली राहिला. १८९६-९७ च्या आणि नंतर १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्यांनी वाळे, गोठ, कमरपट्टे मोडीत काढले, त्यांना पूर्वी मिळाले असते त्यापेक्षा बरेच कमी रुपये हाती आले. संचातील हा घासलेला राणीछाप रुपया नेमका त्या वर्षांमधला आहे. तो कमी पाडला गेला, यापेक्षा त्याच्या कमी असण्याची किंमत कोणी मोजली हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १८९८ पर्यंत रुपया एक शिलिंग चार पेन्सांपर्यंत चढला आणि १९०० पासून सरकारने स्वतःच्या खाती पुन्हा रुपये पाडायला घेतले. १९०० आणि १९०१ या सालांचे आकडे कोट्यवधींत आहेत, तर १८९७ च्या मुंबईच्या नाण्याचा आकडा लाखांत आहे. दोन्हींमधली चांदी तीच, वजन तेच, चित्रही तेच आहे. बदलला तो फक्त सरकारचा हिशेब.

१९११ च्या नाण्याची गोष्ट पुस्तिकेत सविस्तर आहे आणि खरे म्हणजे तीच सगळ्यात चांगली लिहिली आहे. पंचम जॉर्ज १९१० मध्ये गादीवर आला आणि त्याची पहिली हिंदुस्थानी नाणी १९११ ची. नाण्यावरील राजाच्या मुखवट्याचे शिल्प शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल यांचे होते. राजाच्या झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या सन्मानाची साखळी दाखवली होती. त्या साखळीत हत्ती, कमळे आणि मोर असतात. नाण्यावर हा हत्ती इतका आखूड सोंडेचा आणि बसक्या पायांचा उमटला की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात त्यावरून नाराजी पसरली आणि सरकारने नाणे मागे घेतले. दोन्ही टांकसाळींत मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांपैकी सुमारे सात लाखच चलनात आले आणि बाकीचे आटवण्यात आले. १९१२ च्या नाण्यावर हत्तीची सोंड लांब आणि स्पष्ट करण्यात आली.

येथे पुस्तिका ‘केवळ सात लाख पाडले’ असे लिहिते आणि तेच मला खटकते. सात लाख हा चलनात आलेल्यांचा आकडा आहे, पाडलेल्यांचा नव्हे. फरक क्षुल्लक वाटला तरी तो तसा नाही. १८९७ मध्ये सरकारने ठरवून थोडी नाणी पाडली, तर १९११ मध्ये भरपूर नाणी पाडण्याचा बेत होता आणि तो एका सोंडेमुळे फसला. एक दुर्मिळता धोरणाची आणि दुसरी अपघाताची आहे. दोहोंना एकाच वाक्यात बसवले की संग्रहाचा अर्थच हरवतो. संचातील १९११ चे नाणे मात्र फार छान निवडले आहे. झग्यावरचा हत्ती झिजलेला नाही आणि साध्या भिंगाखाली वादाचे कारण आपल्याला स्वतः पाहता येते. माझ्या मते त्याला डुक्कर म्हणण्यासाठी थोडी कल्पनाशक्ती लागते, पण हत्ती म्हणण्यासाठीही तितकीच लागते.

आता १९१८. झाकणावरचे वाक्य खोटे पाडणारे नाणे ते हेच. या सालाचे रुपये दोन्ही टांकसाळींत मिळून चाळीस कोटींहून अधिक पाडले गेले, त्यामुळे त्यांना अत्यल्प म्हणणे हास्यास्पद आहे. आजही जुन्या रुपयांच्या कोणत्याही ढिगात १९१८ चा रुपया हमखास सापडतो. विक्रेत्याला याबद्दल विचारले, तेव्हा त्याने तुलनेसाठी हे नाणे मुद्दाम घातल्याचे सांगितले. तसे असेल तर पुस्तिकेत तसे लिहायला हवे होते. तेथे मात्र ‘महायुद्धकालीन दुर्मीळ नाणे’ असेच छापले आहे. तरीही हे नाणे संचात आहे याचा मला आनंद वाटतो, कारण चांदीची खरोखरीची टंचाई ज्या काळात होती, त्याच काळात सर्वाधिक रुपये पाडले गेले, हे विरोधाभासी सत्य त्याच्यामुळे हातात धरून पाहता येते.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून कापूस, ताग, गहू आणि लष्करी साहित्य मोठ्या प्रमाणावर बाहेर जात होते, त्याच्या मोबदल्यात लोकांना रोख रुपये हवे होते आणि हातात आलेले रुपये लोक साठवून ठेवत होते. नोट देऊन रुपया मागणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की सरकारची चांदीची गंगाजळी आटत चालली. अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतील सत्तावीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर आटवले. त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानाला विकली गेली. १९१८ च्या बऱ्याच रुपयांत अमेरिकन डॉलरांची चांदी आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. त्याच वेळी चांदी वाचवण्यासाठी १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढण्यात आली, पाठोपाठ अडीच रुपयांची नोट आली, आणि दोन आणे, चार आणे व आठ आणे या लहान नाण्यांतून चांदी काढून ती तांबे-निकेलच्या मिश्रधातूत पाडण्यात आली. टंचाई नाण्यांच्या आकड्यात नेहमी घट होऊन दिसेलच असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुस्तिकेने वगळलेला एक हिशेब येथे देण्यासारखा आहे. एका रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स धरला, तर लंडनच्या बाजारात ९२५ प्रतीची चांदी औंसाला सुमारे ४३ पेन्सांच्या वर गेली की रुपयातील धातूच रुपयाच्या दर्शनी किमतीपेक्षा महाग होई. फेब्रुवारी १९२० मध्ये तो भाव ८९ पेन्सांच्या वर पोहोचला होता. सरकारने विनिमय दर चढवत नेला नसता, तर देशातला प्रत्येक रुपया सोनाराच्या मुशीत गेला असता. हे लक्षात घेतले की पुढच्या नाण्याचा अर्थ आपोआप उलगडतो.

१९२२ चा रुपया फक्त मुंबईच्या टांकसाळीत, वीस लाखांच्या आसपास पाडला गेला. येथेही पुस्तिका चांदीच्या टंचाईचेच कारण देते. वास्तविक १९२० नंतर चांदीचा भाव कोसळला, युद्धातली मागणी संपली आणि १९१६ ते १९२० या वर्षांत पाडलेले कोट्यवधी रुपये लोकांकडून सरकारी खजिन्यात परत येऊ लागले. नोटा रुळल्या होत्या. खजिन्यात जुने रुपये पडून असताना नवे पाडण्याचे कारणच उरले नाही. पुढे १९२७ पासून तर सरकार स्वतःजवळची चांदी विकू लागले. तेव्हा १९२२ चे कमी आकडे टंचाईचे नव्हे, भरमसाट साठ्याचे लक्षण आहेत, आणि चांदीच्या रुपयांची नियमित पाडणी त्यानंतर थांबली ती जवळजवळ १९३८ पर्यंत. पुस्तिकेत १९१८ आणि १९२२ ही नाणी शेजारी-शेजारी ठेवली आहेत, पण पहिल्याच्या अतिरेकामुळे दुसरे कमी झाले, हा दुवा जोडलेला नाही. खरे तर एवढ्या एका दुव्यासाठी पेटी विकत घ्यावी.

याच काळात रुपयाची पाडणी सरकारच्या मर्जीवर सोडावी की नाही, यावर मोठा वाद झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर घेतलेली भूमिका आपल्याकडे तरी माहीत असायला हवी: टांकसाळी जशा लोकांना बंद आहेत तशाच त्या सरकारलाही पूर्णपणे बंद कराव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. मराठी वाचकांसाठी छापलेल्या पुस्तिकेत, चांदीचे रुपये कमी-जास्त का पाडले गेले या विषयावर लिहिताना, त्यांचा उल्लेखही नसावा याचे आश्चर्य वाटते.

शेवटचे नाणे १९३८ चे. सहाव्या जॉर्जचा हा रुपया मुंबईत सत्तर लाखांहून अधिक पाडला गेला. तो विरळ नाही. विरळ आहे तो त्याच्या पुढच्या, १९३९ सालचा रुपया, आणि पुस्तिकेतील मजकूर बहुतांश त्याच्याविषयीचा आहे. म्हणजे कथा १९३९ ची सांगायची आणि पेटीत १९३८ चे नाणे ठेवायचे, असा हा प्रकार आहे. विक्रेत्याने पेटीवर साल स्पष्ट छापले आहे, त्यामुळे याला फसवणूक म्हणता येणार नाही. परंतु घाईत वाचणाऱ्याचा गैरसमज व्हावा अशीच मांडणी आहे.

१९३९ च्या रुपयाचे आयुष्यच अल्प होते. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा पाडाव होताच हिंदुस्थानात पुन्हा रुपये साठवण्याची लाट आली, एक रुपयाची नोट पुन्हा चलनात आणावी लागली आणि त्याच वर्षी रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. नव्या रुपयात पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त असे मिश्रण होते. नकली नाणी ओळखता यावीत म्हणून त्याच्या कडेवर खास खाचेची नक्षी घालण्यात आली. जुन्या प्रतीचे रुपये सरकारने टप्प्याटप्प्याने परत मागवले: आधी व्हिक्टोरियाचे, मग एडवर्डचे आणि शेवटी दोन्ही जॉर्जांचे. परत आलेली नाणी आटवली गेली. म्हणून १९३९ च्या बाबतीत पाडलेल्या नाण्यांच्या आकड्यावरून आज किती नाणी उरली असतील हे ठरवता येत नाही, आणि ही गोष्ट कमी-अधिक प्रमाणात संचातील प्रत्येक नाण्याला लागू आहे.

विक्रेता वेगळी रक्कम घेऊन १९३९ चे नाणेही देऊ करतो. ते मी घेतले नाही. या सालाइतकी बनावट नाणी बहुधा दुसऱ्या कोणत्याही हिंदुस्थानी रुपयाची नसतील. ती करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे १९३८ च्या अस्सल नाण्यावरील शेवटचा आकडा कोरून ८ चा ९ करणे. असे नाणे वजनात, धातूत आणि कडेच्या दात्यांत निर्दोष भरते, त्यामुळे तराजू आणि चुंबक यांचा येथे उपयोग नसतो. त्या एका आकड्याभोवतीचा पृष्ठभाग मोठ्या भिंगाखाली पाहावा लागतो आणि तो इतर आकड्यांभोवतीच्या पृष्ठभागासारखाच अखंड आहे की खरवडलेला आहे, ते तपासावे लागते. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रात हे दिसण्याइतका तपशील नव्हता, आणि मोठे छायाचित्र मागितल्यावर त्याने प्रमाणपत्राचा हवाला दिला.

त्या प्रमाणपत्राबद्दल दोन शब्द. ते विक्रेत्याने स्वतःच दिलेले आहे. माल विकणाऱ्यानेच मालाच्या अस्सलपणाची ग्वाही देणे बेकायदा नाही, पण त्याला स्वतंत्र तपासणीचे मोल नाही. शिवाय त्यावर प्रत्येक नाण्याचे वजन लिहिलेले नाही, टांकसाळीची खूण नोंदवलेली नाही आणि नाण्याचे छायाचित्रही नाही. त्यामुळे उद्या पेटीतील नाणे बदलले गेले तरी प्रमाणपत्र जसेच्या तसे लागू पडेल. जुन्या ठशांवरून मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी संग्राहकांसाठी नंतरच्या काळात पुन्हा नाणी पाडून विकली होती आणि ही पद्धत १९७० च्या सुमारापर्यंत चालू होती. अशी नाणी टांकसाळीचीच असतात, पण ती त्या सालची नसतात. प्रमाणपत्रात हा फरक करण्यासाठी जागाच ठेवलेली नाही.

पुस्तिकेतील आकड्यांकडेही थोडे सावधपणे पाहावे. टांकसाळीचे अहवाल एप्रिल ते मार्च या सरकारी वर्षाचे असत आणि नाण्यावर मात्र इंग्रजी साल असे. त्यामुळे एखाद्या सालाचा अहवालातील आकडा आणि त्या सालाचा ठसा असलेली प्रत्यक्ष नाणी यांचा मेळ नेमका बसेलच असे नाही. व्हिक्टोरियाच्या काळात तर १८६२ हेच साल घालून कित्येक वर्षे रुपये पाडले गेले आणि मुंबईच्या नाण्यांवर खरे वर्ष ठिपक्यांनी दाखवले गेले. पुस्तिकेत मात्र आकडे शेवटच्या अंकापर्यंत छापले आहेत आणि ते कोठून घेतले हे कोठेही सांगितलेले नाही.

कॅप्सूल चांगल्या प्रतीच्या आहेत, घट्ट बसतात आणि उघडल्या तर पुन्हा मिटतात. त्यांचे प्लास्टिक कडक आहे. मऊ, वास येणारे प्लास्टिक चांदीवर कालांतराने हिरवट चिकट थर आणते, ते येथे नाही. पेटीचे लाकूड मात्र रंगवलेले असून त्याला तीव्र वास येतो. चांदी लवकर काळवंडू नये म्हणून नाणी पेटीत न ठेवता कॅप्सूलसकट वेगळी ठेवणे बरे. बांधणी आणि पाठवणी नीट होती, पार्सल विमा उतरवून आले आणि बिलात प्रत्येक नाण्याचे साल लिहिलेले होते. घासलेल्या राणीछाप रुपयाबद्दल तक्रार केल्यावर विक्रेत्याने बदलून देण्याची तयारी दाखवली, पण बदली नाणे मुंबईचेच असेल याची हमी दिली नाही, म्हणून आहे तेच ठेवले.

एक गोष्ट विक्रेत्याने आपल्या माहितीपानावरून तातडीने काढावी. ‘परदेशातील नातेवाइकांसाठी आदर्श भेट, जगभर पाठवू’ असे तेथे म्हटले आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. संचातील पाचपैकी चार नाणी या व्याख्येत बसतात. ज्याला विमानतळावर अडवले जाईल तो ग्राहक असेल, विक्रेता नव्हे.

ज्यांच्याकडे यांपैकी एकही रुपया नाही आणि ज्यांना सुरुवातीलाच नकली नाण्यांच्या बाजारात उतरायचे नाही, त्यांनी हा संच घ्यायला हरकत नाही, फक्त झाकणावरच्या दाव्यासाठी वरची रक्कम मोजतो आहोत असे समजू नये. ज्यांना थोडा अनुभव आहे, त्यांनी १९११ आणि १९२२ ही दोनच नाणी सुटी घ्यावीत, १९१८ चा रुपया कोठेही चांदीच्या भावाच्या जवळपास मिळेल, आणि १८९७ साठी न घासलेले नाणे मिळेपर्यंत थांबावे. १९३९ चे नाणे कोणत्याही संचातून, कोणत्याही पेटीतून घेऊ नये. ते स्वतः हातात घेऊन, शेवटच्या आकड्यावर भिंग धरूनच घ्यावे, आणि बिलावर साल व टांकसाळ दोन्ही लिहून घ्यावे.